शेवगाईचं उद्यापन

सोमवारी सकाळी शाल्मली गुळवणी संशोधन केंद्रात शिरली तेव्हा दारातल्या इलेक्ट्रॉनिक पडद्यापाशी माणसं जमली होती. एरवी त्या पडद्याकडे कुणी बघत नसे. केंद्रातल्या प्रत्येक संशोधकाचं नाव आणि नावापुढे एक आकडा, एवढंच त्यावर असायचं. आपला आकडा बघून दिवस नासवून घेण्यापेक्षा लोक खाली मान घालून जिन्याकडे वळत. आज सगळ्यांच्या माना वर होत्या. शाल्मलीचं नाव तळातून निघून पार वर जाऊन बसलं होतं, आणि पुढचा आकडा थांबायचं नाव घेत नव्हता. शेगडीवरच्या दुधासारखा चढत होता.

"गुळवणी बाई, पेढे कुठायत?" मागून कुणीतरी ओरडलं.

ती हसली, पण आतून काही बरं वाटेना. दूध चढतं तेव्हा जवळ कुणीतरी उभं असावं लागतं, एवढंच तिच्या मनात आलं.

त्या आकड्यामागच्या यंत्रणेचं नाव 'पडसाद'. लोकांच्या पैशातून संशोधन होतं, तर लोकांना त्याचं काय मिळालं ते दाखवा, असं सरकारनं पूर्वीच ठरवलं होतं. आधी संशोधक शाळांत व्याख्यानं देत, वर्तमानपत्रात लेख लिहीत, फोटो लावून अहवाल पाठवत. त्यातून खरं काय घडलं ते कुणालाच कळत नसे. मग पडसाद आला. त्याची कामं दोन, ऐकणं आणि सांगणं. ज्यांनी परवानगी दिली आहे अशा माणसांचे फोन, मनगटावरचे पट्टे, दुकानांतले वजनकाटे यांच्याकडून तो ऐके. कुणाची कोणती सवय बदलली, ती गोष्ट तिला कुणी सांगितली, त्या सांगणारीला कुणी, असा दुवा दुवा मागे जात तो मूळ अभ्यासापर्यंत पोचे आणि त्या संशोधकाचा आकडा एकानं वाढवे. सांगायचं काम याच्या उलट. एकच निष्कर्ष तो ज्याला जसा रुचेल तसा सांगे. ट्रक चालवणाऱ्याला ढाब्यावरच्या गप्पांसारखा, कॉलेजातल्या पोरांना भांडणासारखा. हजार तऱ्हांनी सांगून बघायचं, ज्या शब्दांनी माणसं खरोखर हलली ते ठेवायचे, बाकीचे गाळायचे. तो थकत नसे आणि त्याला कंटाळाही येत नसे.

शाल्मलीचा अभ्यास शेवग्याच्या पाल्याचा होता. पाल्यात पोटॅशियम भरपूर असतं. मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं. पोटॅशियम त्याला बाहेर पडायला मदत करतं. मूठभर पाला पाण्यात उकळला की त्यातलं बरंचसं पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते बिनमिठाचं पाणी आठवड्यातून दोनदा घेणाऱ्या बायकांचा रक्तदाब थोडा, पण नक्की उतरला, असं तिनं बऱ्याच खटपटीनंतर दाखवलं होतं. लेखाच्या शेवटी तिनं स्पष्ट लिहिलं होतं की ज्यांची मूत्रपिंडं दुबळी आहेत त्यांनी हे घेऊ नये. निरोगी मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम टाकून देतं. दुबळ्याला ते जमत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाचा ताल बिघडवतं. डायलिसिसवरच्या रोग्यांना म्हणूनच भाजी उकळून वरचं पाणी ओतून द्यायला सांगतात.

केंद्राचे संचालक माणगावे सर तिला खोलीत बसवून चहा मागवत होते. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"गुळवणी मॅडम, तुमच्या शेवग्यानं आपलं छप्पर वाचवलं. या वर्षी अनुदान बंद होणार म्हणून मी बायकोलाही सांगून टाकलं होतं. आता अक्षय्यतृतीयेला अनुदान देणाऱ्या परिषदेची माणसं येतायत. अनुदान चालू, आणि विभागप्रमुख तुम्ही."

"पण सर, माणसं नक्की करतायत काय?"

"पाला खातायत की! अजून काय करणार?"

"तसं नाही. एवढ्या बायकांनी एकदम ऐकलं कसं? आम्ही शिबिरं घेतली तेव्हा निम्म्याजणी मध्येच उठून जायच्या."

"पडसादनं सांगितलं म्हणून ऐकलं. तुमचा आवाज हळू आहे, मॅडम. त्याचा नाही." माणगावे सर मोठ्यानं हसले, मग तिचा चेहरा बघून बिस्किटांची बशी पुढे सरकवली. ती सोमवारी एकदाच जेवत असे. तिनं नुसता बशीला हात लावला.

संध्याकाळी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटवरून जाताना तिला शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या दिसल्या. चैत्र होता. घरोघर गौर बसली होती, हळदीकुंकवाच्या बायका ओल्या हरभऱ्यांच्या पुड्या सांभाळत चालल्या होत्या, आणि ज्या पाल्याकडे एरवी शेळीसुद्धा दोनदा बघत नाही तो लाल दोऱ्यात बांधून ओळीनं मांडला होता.

"व्रताचा आहे बाई, ताजा. घ्या की."

"कसलं व्रत?" शाल्मलीनं विचारलं.

"आता गं बया! शेवगाईचं. तुमच्यात नाही आलं अजून?" भाजीवालीनं पाण्याचा हात पुसला आणि गिऱ्हाईक सोडून सांगायला बसली. कृष्णाकाठी एक सासुरवाशीण होती. सगळ्यांची जेवणं झाली की तिच्या वाटणीला खारट लोणचं आणि कालची भाकरी. खारट खाऊन तिचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे यायचे. एकदा परसात शेवग्याखाली रडत बसली, तर झाडातून एक म्हातारी उतरली, हिरवा खण, पांढरं लुगडं. म्हणाली, माझा मूठभर पाला तांब्यात उकळ, मीठ घालू नको, देवापुढं ठेव आणि तीर्थ म्हणून घे. सासुरवाशिणीनं तसं केलं. डोकं उतरलं, तोंडावर तेज आलं. घरात एक शिकलेली जाऊ होती. ती म्हणाली, अडाणीपणा आहे, सोड. हिनं ऐकलं, एक दिवस चुकवला, आणि पाळण्यातलं पोर तापानं फणफणलं. मग शेवगाईच्या पाया पडली, रोजचं पाणी धरलं, पुन्हा म्हणून सोडलं नाही. "तिचं जसं उतरलं तसं ऐकणारीचंही उतरू दे," भाजीवालीनं हात जोडले. "घ्या, दोन देऊ?"

शाल्मलीनं एक जुडी घेतली. घरी येईपर्यंत ती जुडी पिशवीत नसून हातातच धरली आहे हे तिच्या लक्षात आलं नाही.

कहाणी चांगली होती, हेच वाईट होतं. लहानपणापासून ती असल्या कहाण्या ऐकत आली होती. आई लवकर गेली. शिरोळच्या द्वारकामावशीनं तिला वाढवलं आणि मावशीच्या घरी दर वाराला एक कहाणी होती. अंघोळीनंतर पूजा होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही हा नेमही मावशीनंच लावलेला. परगावी, परदेशी, परिषदांच्या हॉटेलांतसुद्धा शाल्मलीनं तो पाळला होता. कहाणी कुठं माणसाचा हात धरते ते तिला माहीत होतं. ही कहाणी बरोबर तिथंच धरत होती, आणि ती कुण्या आजीनं नाही, पडसादनं रचलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती रेहानाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. रेहाना बागवान केंद्राची संवाद अधिकारी. पडसादला संशोधन समजावून देणं आणि पडसादनं काय केलं ते संशोधकांना समजावून देणं, हे तिचं काम.

"मूत्रपिंडाची अट कुठं गेली, रेहाना?"

"बसा तरी, मॅडम." रेहानानं पडदा वळवला. "पहिल्या आठवड्यात होती. हे बघा. म्हातारी म्हणते, ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांनी घेऊ नये. इथं आल्यावर ऐकणाऱ्या बायका बंद करायच्या. म्हातारी एकदम डॉक्टरीण झाल्यासारखी वाटायची ना! मग त्यानं ती ओळ गाळून बघितली. निभाव, म्हणजे धरलेलं न सोडणं, वाढला. ठेवलं तसंच."

"आणि आठवड्यातून दोनदाचं रोज कसं झालं?"

"रोज सांगितलेलं लक्षात राहतं. 'सोडू नये' पण त्यानंच घातलंय. ते घातल्या दिवसापासून तुमचा आकडा पळायला लागला."

"आणि ती शिकलेली जाऊ?"

रेहानानं वर बघितलं. "ती कशाला आहे ते मला पण कळलं नाही. कहाण्यांत अशी कुणी असतेच का?"

"असते," शाल्मली म्हणाली. "हसणारी कुणीतरी असतेच."

त्याच दुपारी तिनं स्वतः बोलून दुरुस्ती नोंदवली. हळू आवाजात, नमस्कार करून. मी डॉक्टर शाल्मली गुळवणी, हा अभ्यास माझा आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी हे पाणी ताबडतोब थांबवावं. पडसादनं ती भजनी मंडळांच्या फोनवर पोचवली. दुसऱ्याच दिवशी तिला पडद्यावर आकडा आणखी चढलेला दिसला.

बाजारात ती भाजीवालीकडे धावतच गेली. भाजीवालीनं तिला ओळखलं. यावेळी हसली नाही.

"तुम्हीच का त्या फोनवरच्या? आमच्या मंडळात सगळ्या म्हणाल्या, बघा, शिकलेली जाऊ आली म्हणून. येणारच होती. कहाणीत आहेच ना." तिनं आवाज खाली केला. "राग नका मानू बाई, पण माझ्या घरात पण पाळणा आहे."

शाल्मली जुड्यांपासून एक पाऊल मागे सरली. कहाणीत तिच्यासाठी जागा आधीच करून ठेवलेली होती. ती जितकं सांगेल तितकी कहाणी खरी ठरणार होती. शास्त्रज्ञाला चूक कळली की तो वाक्य बदलतो, त्याचं कामच ते. पण ज्या बाईनं देवापुढं शब्द दिलाय तिनं कुठलं वाक्य बदलायचं?

गुरुवारी सकाळी ती देवापुढं बसली होती. गंध उगाळून झालं होतं, फुलं वाहायची होती. फोन वाजला. मौनात ती फोन घेत नसे. तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. पडद्यावर सुवर्णाचं नाव, मावशीच्या सुनेचं. शाल्मलीनं फोन कानाला लावला, बोलली नाही.

"शालूताई, पूजेत असाल, नुसतं ऐका. आईंना उठवेना झालंय. पाय उचलत नाहीत म्हणतात. छातीत काहीतरी थांबून थांबून होतंय. काल डायलिसिसला जायचं होतं तर म्हणाल्या गौरीचं हळदीकुंकू आहे, उद्या जाऊ. मी पथ्य सगळं पाळते हो. पाणीसुद्धा मापून देते..." सुवर्णाचा आवाज चिरकला. "ताई, त्या देवघरात रोज काहीतरी हिरवं पितात. मी म्हटलं तीर्थ आहे. तीर्थ कुणी मापतं का?"

शाल्मलीच्या हातात जास्वंद होतं. ते ताम्हनात पडलं. मावशीचं पथ्य सुवर्णा बघते म्हणून ती निर्धास्त होती.

"सुवर्णा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्या वेळेला तिचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच उमटला होता आणि तिचा तिलाच परका वाटला. "गाडी काढ. कपडे बदलत बसू नको, आहेत तशा आण. मिरजेला सरळ दवाखान्यात. पोटॅशियम वाढलंय म्हणून सांग, मी पुढं जाऊन थांबते."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख बघितला आणि कुणाशी काही न बोलता धावपळ सुरू केली. इंजेक्शनं दिली, लगोलग डायलिसिसला लावलं. शाल्मली काचेबाहेर उभी राहून यंत्रातून मावशीचं रक्त जाताना येताना बघत होती. जपाची माळ पर्समध्ये होती. ती बाहेर काढायचं तिला धैर्य झालं नाही.

दुपारी मावशीनं डोळे उघडले. पहिलं विचारलं ते, "शालू, माझं आजचं पाणी राहिलं का गं?"

"मावशी, ते पाणी आता घ्यायचं नाही."

"असं कसं? धरलंय ते मी."

"त्यानंच हे झालं. ते तुझ्यासाठी विष आहे."

"तीर्थाला विष म्हणू नये." मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती. "मंडळात सगळ्याजणी घेतात. कुणाला काही होत नाही."

"कहाणी देवाची नाहीच मुळी. यंत्रानं रचलीय. माझ्या कामावरून. तो शेवगा माझा आहे, मावशी."

मावशी चक्क हसली. "तुझा? बघ, आणि मी तुझ्यासाठीच धरलं होतं. माझ्या शालूचं काम जगापुढं येऊ दे, म्हटलं. पोरगी मान खाली घालून राबते, तिला कुणी विचारत नाही. पावली की गं शेवगाई!"

पडद्यावर चढत गेलेल्या त्या आकड्यात एक मावशी होती. रोज सकाळी, तांब्याभर.

"पण रचलेली आहे ती," ती कशीबशी म्हणाली.

"कहाण्या कुणीतरी रचलेल्याच असतात. सासूबाई सांगायच्या त्या काय आभाळातून पडल्या होत्या? कहाणी कुणाची का असेना, शब्द माझा आहे. मरणाच्या भीतीनं शब्द टाकला तर पुढं कुठल्या तोंडानं देवापुढं बसू? तूच सांग. तू टाकला असतास?"

सकाळी टाकला, असं शाल्मलीच्या ओठांपर्यंत आलं. ती बाहेर निघून गेली.

वऱ्हांड्यात रेहाना डबा घेऊन आली होती. बाकावर दोघी बसल्या. डबा उघडला नाही.

"माझ्या आजीचं असंच," रेहाना म्हणाली. "साखर वर खाली व्हायची, तरी रोजे सोडायला तयार नाही. शेवटी मौलवी साहेब घरी आले, म्हणाले, आपा, आजारी माणसाला माफ आहे, बदल्यात गरिबाला जेवू घाला. तेव्हा ऐकलं. डॉक्टरचं नाही ऐकलं. तिचं काय म्हणणं, सोडते आहे, पण रीतीनं सोडते आहे. तुमच्यात असं काही नाही का? म्हणजे धरलेलं आयुष्यभर धरूनच ठेवायचं?"

"आमच्यात..." शाल्मली बोलता बोलता थांबली.

उद्यापन. कुठलंही व्रत मोडायचं नसतं, पण ते पूर्ण करून पोचवता येतं. पूजा मांडायची, शेवटचं वाण कुणाच्या तरी ओटीत घालायचं; घेणारीनं घेतलं की व्रत संपलं. दोष नाही, भय नाही. पडसादनं कहाणी सांगताना सगळं घातलं होतं, म्हातारी, पाळणा, शिकलेली जाऊ. फक्त संपवायची रीत घातली नव्हती. संपणाऱ्या गोष्टीचा आकडा वाढत नाही.

ती उठून आत गेली.

"मावशी, उद्यापन कर."

मावशीनं डोळे बारीक केले. "कहाणीत नाही सांगितलेलं."

"प्रत्येक व्रताला असतं. तूच शिकवलंस. अक्षय्यतीज जवळ आलीय, गौर बोळवतील, तिच्याबरोबर शेवगाईलाही पोचव. वाण मला दे."

"तू घेशील? सगळ्याची जबाबदारी येते घेणाऱ्यावर."

"माझीच आहे ती."

मावशीनं सुनेकडे मान वळवली. "सुवर्णा, त्या पिशवीत पाला असेल बघ कालचा. आणि कुंकू आण. तीज कशाला, आत्ताच. उगीच माझं अडून राहायला नको." पलंगावर पडल्या पडल्या तिनं ती कोमेजलेली जुडी शाल्मलीच्या पदरात घातली, वर सुईच्या जखमा असलेल्या हातानं कुंकू लावलं. आणि हुश्श केलं.

पण शिरोळची एक मावशी सुटली म्हणून बाकीच्या सुटत नव्हत्या. शाल्मलीला बसवेना. दुसऱ्या दिवशी ती आणि रेहाना माणगावे सरांपुढं होत्या.

"उद्यापनाची कहाणी पडसादला सांगायला लावा ना मग," सर म्हणाले.

रेहानानं मान हलवली. "लावून बघितली, सर. रात्रीत त्यानं बदलली. त्यात आता उद्यापन झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून दुप्पट पाला आहे. जे निभावाला वाईट ते तो ठेवत नाही."

"मग एकच राहतं," शाल्मली म्हणाली. "अभ्यास मागे घ्यायचा. तो हक्क माझा आहे. मागे घेतला की त्याला त्यावर बोलता येत नाही."

"आणि आकडा पुसला जातो!" सर उभेच राहिले. "पुन्हा नोंदवता येत नाही, माहितेय ना? तिजेला परिषद येतेय, मॅडम. आणि ज्यांचा रक्तदाब उतरला त्यांचं काय? त्या जास्त आहेत. त्यांना पक्षाघात झाला तर त्याचा हिशेब कोण देणार? थोड्यांसाठी सगळ्यांचं काढून घेणार तुम्ही?"

हा प्रश्न खोटा नव्हता. शाल्मलीनं तो टाळला नाही. "पाला काढून घेत नाही, सर. शपथ काढून घेते. ज्यांना हवा त्यांनी भाजी करून खावा. भाजी एक दिवस नाही केली तर पाळण्यातलं पोर आजारी पडत नाही. डॉक्टर नको म्हणाले तर भाजी सोडता येते."

"केंद्र बंद पडेल."

"पडेल कदाचित." तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "पण पुसायचंच आहे मला."

रेहानानं पडदा पुढे केला. शाल्मलीनं अंगठा ठेवला. बाहेर दारातल्या पडद्यावर तिचं नाव खाली घसरलं, आणि नावापुढे काहीच उरलं नाही.

त्यानंतरचे दिवस तिनं रिक्षात काढले. एका भजनी मंडळातून दुसऱ्या. पन्ह्याचे पेले हातात घेऊन बायका तिच्याकडे संशयानं बघत. "शिकलेली जाऊ," कुणीतरी कुजबुजेच. ती वाद घालत नसे. म्हणे, व्रत मोडू नका. पूर्ण करा. ही कहाणी माझ्या अभ्यासातून निघाली, देवीच्या नावानं मी काही खोटं सांगणार नाही. ज्या कामातून ते तुमच्याकडे आलं तिथंच ते परत पोचवा. तिजेला पाल्याची शेवटची जुडी घेऊन केंद्रात या, माझ्या ओटीत घाला. दोष लागला तर मला लागेल. मग ती मावशीचा आवाज लावे. दवाखान्यातून मावशीनं स्वतःच्या फोनवर बोलून पाठवलं होतं. "मी द्वारका, शिरोळची. माझे नेम तुम्हाला ठाऊक आहेत. मी उद्यापन केलंय. मला काही झालं नाही, उलट झोप लागली."

मावशीच्या नेमांचा दबदबा साऱ्या शिरोळ तालुक्यात होता. तो आवाज फोनाफोनी पुढे गेला. पडसादनं तो कुणाला पाठवला नाही.

अक्षय्यतृतीयेला परिषदेची माणसं आली नाहीत. रिकाम्या नावाला बघायला कोण येणार? शाल्मली सकाळी मौन संपवून, पूजा आटोपून केंद्राच्या पायरीवर येऊन बसली. शेजारी टेबल मांडलं होतं, त्यावर सुया, नळ्या, कापूस. बराच वेळ रस्त्यावर कुणी नव्हतं. माणगावे सर खिडकीत येऊन जात, पुन्हा येत. मग कोपऱ्यावर एक हिरवी जुडी दिसली, मागून दुसरी, आणि थोड्या वेळानं कुंपणापर्यंत रांग लागली. एकेक बाई येई, पदरात पाला टाकी, कुंकू लावी. पदर भरला की शाल्मली तो बाजूला ओती. पाल्याचा ढीग दारातल्या पडद्याला झाकायला लागला.

रेहाना आतून हसत आली. "मॅडम, पडसाद गोंधळलाय. केवढी तरी मोठी लाट दिसतेय म्हणतोय, सगळीकडं सवय बदलतेय. उगम मात्र सापडत नाही. 'उगम अज्ञात' असं लाल अक्षरात येतंय."

शाल्मलीनं वर बघितलं नाही. रांगेत किती जणींची मूत्रपिंडं आधीच थकली असतील, आणि ज्यांच्यापर्यंत मावशीचा आवाज पोचलाच नाही त्या आज देवघरात काय पीत असतील, हा विचार तिला बसल्या जागी टोचत होता.

भाजीवाली समोर आली. तिनं जुडी दिली, लाल दोरा सोडून स्वतःच्या मनगटाला बांधला. तिचा चेहरा मोकळा दिसत होता, आणि थोडा रिकामाही.

"संपलं ना बाई? काही लागणार नाही ना पोराला?"

"संपलं. काही लागणार नाही."

"मग आता पुढं काय धरायचं?"

मागच्या बायकांनीही माना पुढे केल्या. तिनं काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते आजपासून धरलं असतं. शाल्मलीला ते स्पष्ट दिसलं.

"काही धरू नका," ती म्हणाली, आणि शेजारचं स्टूल ओढलं. "इथं बसा. आधी हात द्या, रक्त बघू. बाकीचं तुमचं आपण उद्या बोलू."

भाजीवालीनं जरा घाबरत हात पुढे केला. शाल्मलीनं पाल्याच्या वासाची बोटं पुसली, सुई उचलली आणि तिला नाव विचारलं.